धाडची जांभई

बुलढाण्याजवळच्या धाड गावात माणूस आजारी पडला की आधी आजाराला चारचौघांत सांगता येईल असं नाव शोधतात, मग डॉक्टर शोधतात. शेखरच्या बायकोला, दीपमालाला, जे झालं त्याला घरच्यांनी थायरॉईड असं नाव दिलं. थायरॉईड हा फार सोयीचा आजार आहे. तो अंगात नेमका कुठं असतो हे कोणी विचारत नाही, त्यात घराण्याची अब्रू जात नाही, आणि त्याची गोळी रोज खावी लागते हे साऱ्या गावाला मान्य आहे.

खरं झालं होतं ते एवढंच, की दिवाळीच्या आसपास दीपमालाची झोप गेली. मग भूक गेली. मग एक दिवस मेथीची जुडी निवडायला घेऊन ती ओट्यावर बसली, ती दुपारपासून दिवे लागेपर्यंत तशीच बसून राहिली. मांडीवरची मेथी सुकली. सासूबाईंना, म्हणजे मंजुळाबाईंना, मेथीचं फार वाईट वाटलं.

"काय कमी हाये तिले?" त्यांनी रात्री जेवताना विचारलं.

शेखरने प्रामाणिकपणे विचार केला. त्याचं बसस्टँडजवळ कृषी सेवा केंद्र होतं, घर दुमजली होतं, पोरगा बाहेरगावी इंजिनिअरिंगला होता. "फ्रिज डबल दरवाजाचा हाये," तो म्हणाला. एवढं असून बाईमाणूस उदास राहतं, याचा अर्थ त्याला लागेना.

सासरे नारायणराव हायस्कुलातून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवत सांगितलं की मानवी शरीरात मन नावाचा अवयव नाही, त्यामुळे त्याचा आजार होऊ शकत नाही. हे त्यांनी दीपमालाच्या समोरच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. अवयव नसल्यामुळे तिला वाईट वाटण्याचा प्रश्न नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दीपमाला वांगी आणते म्हणून निघाली आणि काळी-पिवळी जीपमध्ये बसून बुलढाण्याला गेली. परत आली तेव्हा पिशवीत वांगी नव्हती. एक फाईल होती आणि पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. त्या संध्याकाळी घरात बैठक बसली आणि थायरॉईड हे नाव एकमताने मंजूर झालं. मंजुळाबाईंनी सुनेला बजावलं, "अन् कोणी विचारलं तं गळ्याले हात लावून सांगजो. डोक्याले हात नको लावू."

*

गोळीने काम केलं. जानेवारी संपता संपता दीपमाला मेथी निवडू लागली, कुकरच्या शिट्ट्या मोजू लागली, मुलाच्या फोनवर दोन वाक्यं जास्त बोलू लागली. घरच्यांच्या दृष्टीने बाई बरी झाली, कारण जेवण वेळेवर होऊ लागलं.

पण गोळीने काम करताना स्वतःची काही कामंही मागे लावून दिली. थंडीत पाठीवरून घामाची धार लागे. तोंड वाळवणासारखं कोरडं पडे. आणि जांभया. साध्या नव्हेत. जबडा कटकन वाजेपर्यंत तोंड उघडायचं, डोळ्यांतून पाणी गालावर यायचं, ती मिटते न मिटते तोच दुसरी उभी. भाजीला फोडणी देताना जांभई, देवाला फूल वाहताना जांभई, दुकानात गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारत असताना त्याच्या तोंडासमोर जांभई. आणि झोप मात्र नाही. दिवसभर दारात पाहुण्यांच्या चपला पडाव्यात आणि घरात एकही पाहुणा नसावा, तसं. रात्री ती छताकडे बघत पडायची आणि जांभया द्यायची.

"झोप येत असन तं झोपत काऊन नाही?" शेखर कूस बदलत विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत स्वतः घोरायला लागायचा.

घरात या जांभयांची लाज वाटत होती. पाहुणे आले की मंजुळाबाई तिला मागच्या खोलीत पाठवत. हे असंच चाललं असतं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत लांबतं, आणि त्यातलं एक समोरच्या गोजरबाईकडे होतं.

गोजरबाईचा नातू दोन दिवसांपासून रडत होता. त्याला प्रत्येक बाईने हातात घेऊन पाहिलं, प्रत्येकीने एकेक आजार सांगितला, आणि शेवटी पोरगं दीपमालाच्या हातात आलं. तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि नेमकी जांभई आली. मग दुसरी. मग तिसरी, डोळ्यांतून पाणी काढणारी. पोराने तिच्या पदरावर मोठी ढेकर दिली आणि झोपून गेलं.

बायका सरकून जवळ आल्या. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं, की आपल्याकडे मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन नजर उतरवणाऱ्या बाईला जांभई आली की नजर निघाली असं समजतात. एक जांभई म्हणजे साधी नजर. डोळ्यांत पाणी आलं तर जबर नजर. दीपमालाने मीठ-मोहरीला हातही न लावता एका पोरावर अशा जांभया दिल्या होत्या, की त्या हिशेबाने त्या पोराला आख्ख्या तालुक्याची नजर लागलेली असावी.

"बाप्पा," गोजरबाई म्हणाली, "केवढी होती वं माय. अन् ह्या बाईनं सारी आपल्या अंगावर घेतली."

"थायरॉईडच्या हायेत त्या," दीपमाला म्हणाली आणि तिला पुन्हा जांभई आली.

"हाव, हाव," गोजरबाई आदराने म्हणाली. "ज्याले देवानं देलं तो कुठं सांगते."

*

आठवड्याभरात दारासमोर चपला दिसू लागल्या. खऱ्या चपला. आधी लेकरं आली. मग पान्हा चोरणारी म्हैस आली. ती दारातून आत मावेना म्हणून दीपमालाला रस्त्यावर नेण्यात आलं. म्हशीकडे बघून तिला आलेली जांभई पाहून म्हशीलाही जांभई आली, आणि हा पुरावा गावात फार चर्चिला गेला. मग कुलदीप नावाचा एक स्पर्धा परीक्षावाला आला. तो गेली कित्येक वर्षं चिखलीच्या अभ्यासिकेत बसून परीक्षेत नापास होत होता आणि ही नजर कोणाची, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याच्यावर दीपमालाला एवढ्या जांभया आल्या की तो समाधानाने रडला. अभ्यास कमी पडतो ही शंका त्याच्या मनातून कायमची गेली.

मंजुळाबाईंनी पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकली. कोणाला आत सोडायचं, कोणाला मंगळवारी बोलवायचं, कोणाला अमावस्येलाच ये म्हणायचं, हे त्या ठरवू लागल्या. आयुष्यभर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आता कळशी घेऊन जाणारी बाईसुद्धा थांबून, "मामी, आज जमन काय?" असं विचारायची. जी गोळी गावापासून लपवायची होती तिची आता घरात चौकशी होऊ लागली.

"घेतली का वं गोळी? उपाशीपोटी नको घेऊ. थांब, दूध देतो."

नारायणरावांनी विज्ञानाची बाजू सांभाळली. माणसाच्या शरीरातून लहरी निघतात, जांभईवाटे ऋण लहरी बाहेर पडतात, आणि हे परदेशात सिद्ध झालेलं आहे, असं ते ओट्यावर वाट बघणाऱ्यांना समजावून सांगत. कोणत्या परदेशात, असं एका पोट्ट्याने विचारलं. ते म्हणाले, "तू आधी दहावी पास हो बे."

शेखरचा हिशेब वेगळा होता. त्याला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं. तिकीट शालिग्रामभाऊंच्या हातात होतं. शालिग्रामभाऊ म्हणजे मागच्या निवडणुकीत पडलेले पुढारी; आपल्याकडे पडलेला पुढारी निवडून आलेल्यापेक्षा जास्त मोकळा असतो, म्हणून तिकिटं त्याच्याच हातात असतात. आणि शालिग्रामभाऊंना नुकताच नातू झाला होता, तो रडत होता.

या साऱ्या धामधुमीत दीपमालाने बाजाराच्या दिवशी परत काळी-पिवळी धरली.

*

बुलढाण्याच्या डॉक्टर महेजबीन वयाने लहान होत्या आणि त्यांना फालतू बोलायला वेळ नव्हता. त्यांनी सारं ऐकून घेतलं. म्हशीचा भाग आला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जांभई गोळीची आहे," त्या म्हणाल्या. "घाम गोळीचा. झोप न येणं हेही बहुतेक गोळीचंच. कोणाकोणाला होतं असं. तुम्ही आधी का नाही आलात?"

"गर्दी होती घरी."

"तुम्हाला काय पाहिजे?"

हा प्रश्न दीपमालाला दिवाळीपासून कोणी विचारला नव्हता. त्याआधीही कोणी विचारल्याचं तिला आठवेना. तिने मांडीवरच्या पिशवीची घडी घातली.

"झोप पाहिजे मले," ती म्हणाली. "बाकी तं मी पाहून घेईन."

डॉक्टरांनी गोळी बदलली. पांढरी हळूहळू कमी करायची, गुलाबी हळूहळू वाढवायची, मग पांढरी बंद. कोणत्या दिवशी कोणती अर्धी आणि कोणती पूर्ण, ते त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "मधले दिवस वाईट जातील. चक्कर येईल, मळमळेल, चिडचिड होईल. काही जणांना डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. भीती वाटते, पण ते हळूहळू जातं. काही खाऊन गोळी घ्या. गोळी एकदम सोडायची नाही, आणि आपल्या मनाने जुनी परत सुरू करायची नाही. फार झालं, नको ते विचार आले, तर रात्री-बेरात्री फोन करा. समजलं?"

"हाव."

"आणि म्हशी बंद."

घरी आल्यावर दीपमालाने हे सांगितलं तेव्हा मंजुळाबाईंच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला. मेथीच्या वेळी त्यांना एवढं वाईट वाटलं नव्हतं.

"चांगली चालली व्हती गोळी, बदलाले काऊन पाह्यजे?"

"झोप नाही येत, आई."

"झोपेले काय करतं? म्हातारपणी हायेच झोप."

शेखर धंद्याचा माणूस. त्याला ते दोन गोळ्यांचं वेळापत्रक एकदम ओळखीचं वाटलं. खताच्या धंद्यात लिंकिंग म्हणून प्रकार असतो: शेतकऱ्याला पाहिजे युरिया, पण त्याच्यासोबत झिंकची न पाहिजे असलेली बाटली घेतल्याशिवाय युरिया मिळत नाही. कंपनी दुकानदाराच्या गळ्यात मारते, दुकानदार शेतकऱ्याच्या.

"म्हणजे लिंकिंग हाये," तो म्हणाला. "जुनीसोबत नवी. मंग असं कर ना, दोन्ही फुल घे. झोपही येईन, जांभयाही येतीन."

"तुमच्या युरियासोबत झिंक चालते," दीपमाला म्हणाली, "माह्या डोक्यात लिंकिंग नाही चालत. डॉक्टरनं नाही सांगितलं."

शेखरला बायको पहिल्यांदाच धंद्यातलं काही समजून बोलली याचा राग आला.

*

मधले दिवस सांगितल्याप्रमाणे वाईट गेले.

पांढरी अर्धी झाली तेव्हा चक्कर सुरू झाली. पांढरी बंद झाली तेव्हा करंट. मान वळवली, नजर डावीकडून उजवीकडे नेली, की कवटीच्या आत कोणीतरी उघडी तार टेकवून काढावी तसा झटका. दुखत नव्हतं. पण क्षणभर सारं घर जागचं हलून परत जागेवर यायचं. जिना उतरताना ती भिंत धरून उतरायची. पोळीचा वास आला की मळमळायचं, म्हणून ती तोंडाला पदर लावून लाटायची. तोंडात लवंग ठेव, आल्याचा चहा घे, असं कोणी सांगितलं नाही. तिनेच हळूहळू शोधून काढलं, की सकाळी कोरडी भाकर चावून मग गोळी घेतली तर पोट जरा शांत राहतं, डोळे फिरवण्याऐवजी डोकंच सावकाश फिरवलं तर करंट कमी बसतो, आणि आंघोळीचं पाणी कोमट घेतलं तर संध्याकाळी अंग थरथरत नाही. घरच्यांना यातलं एवढंच दिसलं, की बाई घुबडासारखी मान फिरवते आणि जांभया बंद झाल्या.

जांभया खरंच बंद झाल्या. ओट्यावर लोक बसून राहायचे आणि दीपमाला समोर येऊन तोंड मिटून उभी राहायची. मंजुळाबाईंनी पहिल्या आठवड्यात "आज शक्ती आराम करून राह्यली" असं सांगून भागवलं. दुसऱ्या आठवड्यात साखरखेर्ड्याहून आलेल्या एका बाईने सरळ विचारलं, "संपली का?" जणू गोडेतेल.

आणि शनिवारी संध्याकाळी शालिग्रामभाऊ नातवाला घेऊन येणार, असा निरोप आला.

शुक्रवारी दुपारी दीपमाला मागच्या खोलीत पडली होती. तो दिवस सगळ्यांत वाईट होता. पापणी हलली तरी करंट बसत होता, आणि करंटपेक्षाही वाईट म्हणजे जुनी मेथीची दुपार परत दारात येऊन उभी आहे असं वाटत होतं. नवी गोळी अजून लागू पडली नव्हती. जुनीची सोबत सुटली होती. मंजुळाबाई आत आल्या आणि त्यांनी उशाशी चहा ठेवला. बशीत कपाशेजारी एक पांढरी गोळी होती.

"घे वं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "कायले हाल करून घेतं. एक घेतली तं सारं थांबन."

ते खरंही असावं. तीच तर अडचण होती. दीपमालाने गोळी उचलून तळव्यावर घेतली. एवढीशी पांढरी, मधे रेघ असलेली. ही घेतली की कदाचित करंट थांबेल, मळमळ थांबेल, सासू मऊ बोलत राहील, नवऱ्याला तिकीट मिळेल. आणि रात्रभर छत दिसेल, आणि परवापासून परत पहिल्यापासून. तिने पाण्याचा तांब्या ओढला.

बाहेर मंजुळाबाईंनी फोन लावला होता. "हाव, हाव, सुरू होऊन राह्यल्या उद्यापासून. गोजरबाई, त्या भोकरदनवालीलेही कळवून दे. पण आधी शालिग्रामभाऊचा नंबर, मंग बाकीच्यायचा."

दीपमालाने तांब्या खाली ठेवला. सुकल्या मेथीइतकीच आपली किंमत आहे हे तिला ठाऊक होतं. पण आपला भोंगा करून ठेवलाय, बटण दाबलं की वाजणारा, हे तिला आत्ता समजलं. ती उठली, भिंत धरून मोरीपर्यंत गेली, गोळी मोरीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मग तिने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, हे दिवस ओसरायला आलेत, आज आणि उद्या घरात एकट्या राहू नका, परवा परत बोलू. आणि म्हणाल्या, "नाही घेतली ते बरं केलं." चहा मात्र तिने पिऊन टाकला. चहाचा काही दोष नव्हता.

*

शनिवारी शालिग्रामभाऊ पांढऱ्या गाडीतून आले. सोबत त्यांची सून रुपाली, तिच्या खांद्यावर नातू, मागे दोन कार्यकर्ते. शेखरने बैठकीत नवी चादर अंथरली होती. होळी होऊन गेली होती, ओट्यावरचा पत्रा तापला होता, आणि त्या पोराच्या अंगावर लोकरीचा स्वेटर, लोकरीची टोपी, पायमोजे, गळ्यात सोन्याची साखळी, कमरेला चांदीचा करदोडा आणि दोन्ही गालांवर काजळाचे टिक्के होते. पोरगं किंचाळत होतं. त्याच्या जागी कोणीही किंचाळलं असतं.

"पाह्यजो वं पोरी," शालिग्रामभाऊ म्हणाले. ते सोफ्यावर बसले, बाटली काढून पाणी प्यायले, बाटली बंद केली आणि लगेच परत उघडली. "चार डॉक्टर झाले. कोणालेच समजत नाही."

मंजुळाबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ सुनेच्या हातात दिली. दीपमालाने पोरावरून हात फिरवला. हातामागे डोळे फिरले, आणि प्रत्येक फेरीला डोक्यात एकेक करंट बसला. तिसऱ्या फेरीला तिने दाराची चौकट धरली.

"आलं, आलं," एक कार्यकर्ता दुसऱ्याला म्हणाला.

काही आलं नाही. दीपमाला तोंड मिटून उभी राहिली. सारी बैठक तिच्या तोंडाकडे बघत होती. पोरगं किंचाळत होतं. शेखर नव्या चादरीच्या सुरकुत्या सरळ करू लागला.

शेवटी मंजुळाबाईंना राहवलं नाही. सुनेला आठवण करून द्यावी म्हणून त्यांनी स्वतःच एक जांभई दिली. जांभई ही मोठी लागट गोष्ट. शेखरला आली. शेखरची पाहून दोन्ही कार्यकर्त्यांना आली. नारायणरावांनी ऋण लहरींचा निषेध म्हणून तोंडावर हात धरला, पण आतून आलीच. आणि मग शालिग्रामभाऊंना आली. सोन्याच्या दाढा दिसतील अशी, डोळ्यांतून पाणी काढणारी, एकामागून एक, थांबेचना. आख्खी बैठक तोंडं उघडून बसली होती. एकट्या दीपमालाचं मिटलेलं.

तिला हसू आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

"नजर-बिजर काही नाही," ती म्हणाली. "पोट्ट्याले उकडून राह्यलं. टोपी काढ वं रुपाली त्याची. अन् ते स्वेटरही काढ."

रुपालीने आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग टोपी काढली. पोराचं डोकं घामाने निथळत होतं. स्वेटर निघाला, मानेला टोचणारी साखळी निघाली. पोरगं दोन हुंदके देऊन गप्प झालं आणि पंख्याकडे बघू लागलं.

"पाह्यलं?" मंजुळाबाई घाईने म्हणाल्या. "जांभई न देताच उतरली. शक्ती वाढली."

"आई, शक्ती नाही ते," दीपमाला म्हणाली. तिने मूठभर मीठ-मोहरी बशीत ठेवली. "भाऊ, तुम्हाले खरं सांगतो. मले थायरॉईड नाही. मले उदासीचा आजार हाये. बुलढाण्याले डोक्याच्या डॉक्टरकडे जातो मी. त्या जांभया तिथच्या गोळीच्या होत्या. गोळी बदलली, जांभया गेल्या. एवढंच."

नारायणराव खोकले. एका कार्यकर्त्याने मोबाइल काढून उगीच बघितला. शेखरचा चेहरा, सुटलेल्या एस.टी.च्या मागे धावून थांबलेल्या माणसासारखा झाला.

शालिग्रामभाऊ उठले. त्यांनी सुनेला, नातवाला आणि कार्यकर्त्यांना गाडीत बसायला पाठवलं. शेखर सोडायला निघाला तर त्यालाही हातानेच थांबवलं. दारात दीपमालाजवळ येऊन ते चपलेत पाय घालत राहिले. एवढ्या वेळ कोणाला चपला घालायला लागत नाहीत.

"ते..." ते खाली बघत म्हणाले. "त्या गोळीनं झोप येते का? मले नाही. आमच्या ओळखीचा एक माणूस हाये. निवडणूक झाल्यापासून झोपला नाही तो."

दीपमालाने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सारखी उघडबंद होणारी पाण्याची बाटली. गाव या माणसाला घाबरतं, याचं तिला नवल वाटलं.

"ओळखीच्या माणसाले बुलढाण्याले जाऊ द्या," ती म्हणाली. "कोणती गोळी, किती, ते डॉक्टरच सांगतीन. पहिले दिवस जरा जड जातीन म्हणा, सोडजो नको. अन् घरी काय सांगावं हे समजत नसन, तं थायरॉईड सांगा म्हणा. चालते ते."

शालिग्रामभाऊंनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले.

*

तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. ते आधीच ठरलेलं होतं, नातू जन्माला यायच्याही आधी. पण शेखर आजही ते जांभईच्या खाती घालतो. नारायणराव आता ऋण लहरींविषयी बोलत नाहीत. ओट्यावरची खुर्ची मंजुळाबाईंनी हलवली नाही. त्या अजून तिथं बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतात, आणि कोणी थांबत नाही.

चैत्रात शालिग्रामभाऊंना थायरॉईड निघालं. मग त्यांच्या एका कार्यकर्त्याला निघालं. मग कुलदीपला. मग गोजरबाईच्या थोरल्या सुनेला, जी कधीपासून विहिरीकडे एकटीच जाते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. बाजाराच्या दिवशी बुलढाण्याची काळी-पिवळी भरून जाऊ लागली. आत सारे गळ्याला हात लावून बसलेले, आणि एकमेकांना काही न विचारणारे. डॉक्टर महेजबीन यांच्या दारात एकमेकांना पाहिलं की म्हणत, "तुम्हालेही का?" आणि समोरचा म्हणे, "हाव, थायरॉईड." हे खोटं धाडने जेवढ्या एकदिलाने निभावलं, तेवढं आजवर कोणतं खरं निभावलं नव्हतं.

दीपमाला मात्र आता डोक्याला हात लावून सांगते. करंट गेले. जाताना त्यांनी काही सांगितलं नाही. एक दिवस जिना उतरून खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भिंत धरली नाही. तोंड अजून कोरडं पडतं, त्याला ती खडीसाखर चघळते.

परवा दुपारी ती ओट्यावर मेथी निवडत होती. मंजुळाबाई खुर्चीत. ऊन उतरलं नव्हतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. पानं खुडता खुडता दीपमालाला जांभई आली. लहानशी, आवाज नसलेली.

मंजुळाबाई खुर्चीतून सरळ झाल्या. समोर गोजरबाई झाडत होती, तिचा झाडू थांबला.

"आली का वं?" मंजुळाबाईंनी श्वास धरून विचारलं. "कोणाची हाये?"

"माही," दीपमाला म्हणाली. तिने मेथीची पाटी सासूच्या मांडीवर ठेवली. "झोप आली मले. राह्यलेली तुम्ही निवडा."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून घोरण्याचा बारीक आवाज येऊ लागला. मंजुळाबाईंनी एकदा गोजरबाईकडे पाहिलं, एकदा पाटीकडे, आणि मग मेथी सुकू नये म्हणून निवडायला घेतली.